पाण्यातील ज्योत

अग्नी आणि पाणी यांचे वैर सर्वपरिचित आहे. आगीवर पाणी ओतले की ते उष्णता शोषून घेते, त्याची वाफ इंधनाजवळची हवा दूर सारते आणि ज्योत विझते. मात्र हे वैर प्रत्येक परिस्थितीत टिकत नाही.

बंद पात्रात पाणी ३७४ अंश सेल्सिअसच्या वर तापवले आणि दाब वातावरणाच्या सुमारे २१८ पटींहून अधिक ठेवला, तर द्रव आणि वाफ हा भेदच उरत नाही. एवढा दाब समुद्रात दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर असतो. या अतिक्रांतिक अवस्थेत पाण्याचा स्वभावच पालटतो. एरवी न मिसळणारी तेले आणि प्राणवायू त्यात एकजीव होतात. एरवी सहज विरघळणारे मीठ मात्र वेगळे होऊन साचते.

१९८८ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील शिलिंग आणि फ्रांक या संशोधकांनी अशा पाण्यात मिथेन मिसळून त्यात प्राणवायूची धार सोडली. ठिणगी न लावताच पाण्यात ज्योत प्रकटली. पुराणांतील वडवानलाची आठवण व्हावी असेच हे दृश्य!

या ज्योतीचा उपयोग मोठा आहे. विषारी औद्योगिक सांडपाणी तिच्यात अत्यल्प काळात जळते. कार्बनचा कर्बवायू होतो, हायड्रोजनचे पाणी होते. धुराडे नसते, काजळीही जवळजवळ नसते. परंतु क्षार साचून नळ्या तुंबतात आणि क्लोरिनयुक्त कचऱ्यापासून बनणारे आम्ल पोलादालाही खाते. शिवाय दाब व उष्णता टिकवण्याचा खर्च वेगळाच. निसर्गाच्या जमाखर्चात कोणतीही नोंद खोडता येत नाही. ती फक्त दुसऱ्या खात्यावर जाते.

जैन आचारातील पाच समितींपैकी शेवटची उत्सर्ग समिती हीच जाणीव देते. टाकाऊ वस्तू कोठे आणि कशी टाकावी, तिने कोणत्या जीवाला पीडा होईल, याचा विचार साधूने प्रत्येक वेळी करावयाचा असतो. ज्याने नदीत विष सोडले, त्याने अप्कायासह असंख्य जीवांची हिंसा केली. ते विष नष्ट करणारी भट्टी विज्ञान घडवीलही. पण ते मुळातच कमी निर्माण व्हावे, यासाठी लागणारा संयम कोणत्याही भट्टीत तयार होत नाही. तो गृहस्थाच्या घरातूनच यावा लागतो.