पाणथळीचा ताळेबंद

गेल्या महिन्यात माझा पुतण्या एका जमिनीचा नकाशा घेऊन सल्ल्यासाठी आला. नदीकाठची जमीन, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी, म्हणूनच स्वस्त. मुरमाचा भराव टाकून तेथे गोदाम बांधण्याचा त्याचा विचार होता. "काका, पडीकच तर आहे," तो म्हणाला. तो शब्द मला बोचला. कारण बँकेत असताना तारणाची कागदपत्रे तपासताना अशा जमिनीपुढे हाच शेरा मीही अनेकदा लिहिला आहे.

त्याला मी एक हिशेब सांगितला. अमेरिकेतील चार्ल्स नदी बोस्टन येथे समुद्राला मिळते. १९५५ आणि १९६८ च्या महापुरांनंतर तिच्या खोऱ्यात उपाय शोधण्याचे काम लष्कराच्या अभियंता विभागाकडे आले. धरणे बांधणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी पाहणीअंती वेगळाच निष्कर्ष काढला. शहरी, फरसबंद भागातले पाणी काही तासांत नदीत धावत आले होते. वरच्या खोऱ्यातले मात्र काही दिवसांनी, संथपणे. तेथील दलदली आणि कुरणे ते धरून ठेवीत होती. म्हणजे धरण निसर्गाने आधीच बांधले होते. ते बुजू न देणे एवढेच काम उरले होते.

१९७४ मध्ये योजनेस मंजुरी मिळाली आणि १९८३ पर्यंत १७ ठिकाणची मिळून ८,१०३ एकर पाणथळ संरक्षणाखाली आली. व्यवहाराची बाजू आपण व्यापाऱ्यांनी पाहण्याजोगी आहे. साऱ्या जमिनीची खरेदी झाली नाही. ३,२२१ एकरांची मालकी घेतली; उरलेल्या ४,८८२ एकरांची मालकी मूळ मालकाकडेच ठेवून, तेथे भराव व बांधकाम होऊ नये एवढा हक्क मोबदला देऊन घेतला. एकूण खर्च एक कोटी डॉलरच्या आसपास. धरण-बंधाऱ्यांचा अंदाज याच्या सुमारे दसपट होता.

लाभाची दुसरी बाजू जमाखर्चात दिसत नाही. पुराचे पाणी काठावर पसरले की ते उथळ, संथ आणि कोमट होते. त्यात सूक्ष्म जीव व कीटक वाढतात, अनेक जातींचे मासे बुडालेल्या गवतात अंडी घालतात, आणि पिल्लांना आसरा व अन्न दोन्ही मिळते. कॅलिफोर्नियातील कोसम्नीस नदीवरील अभ्यासात पूरक्षेत्रात वाढलेली सॅमनची पिल्ले मुख्य प्रवाहातील पिल्लांहून अधिक वाढलेली आढळली. भराव पडला की हा पाळणाच नाहीसा होतो, आणि त्या हानीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

मात्र खरेदीखत झाले म्हणजे काम संपले असे नाही. हद्द राखावी लागते, चोरट्या भरावावर नजर ठेवावी लागते. आणि नदी व जमीन यांच्यामध्ये बांध उभा राहिला तर विकत घेतलेली पाणथळही कोरडी पडते. तारण जसे नुसत्या कागदावर सुरक्षित राहत नाही, तसेच हे.

"मग ही जमीन सोडून देऊ?" पुतण्याने विचारले. मी म्हटले, "गोदामासाठी तरी सोड. तुझ्या भरावाने पाणी नाहीसे होणार नाही. ते शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर जाईल." सांगली-कोल्हापूरकडील वाचकांना २०१९ नंतर हे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याने आपला निर्णय अजून कळविलेला नाही. आपणास मात्र एवढीच विनंती, की नदीकाठची जमीन घेण्यापूर्वी जलसंपदा विभागाने आखलेली निळी व लाल पूररेषा सात-बारा उताऱ्याइतक्याच काळजीने पाहावी.