पहिल्या पानाचा मान

गेल्या महिन्यात नात्यातील एका तरुण अधिकाऱ्याचा रात्री उशिरा फोन आला. “काका, बढतीची यादी लागली. मला दोन वर्षांनी कनिष्ठ असलेल्याचे नाव आहे, माझे नाही. उद्याच राजीनामा देतो.” मी त्याला एवढेच सांगितले, की उद्या काहीही देऊ नकोस, रविवारी घरी ये. तो येईपर्यंत जे मनात घोळले, तेच या वेळी वाचकांपुढे मांडत आहे.

१९९८ साली मी भोर येथे बँकेच्या शाखेत स्केल दोनचा अधिकारी होतो. स्केल तीनसाठीची मुलाखत चांगली झाली, असा माझा समज होता. यादी आली तेव्हा तीत माझे नाव नव्हते. माझ्या हाताखाली काम शिकलेल्या मित्राचे मात्र होते. त्या रविवारी तो पुण्याहून पेढे घेऊन माझ्या दारात आला. मी आतल्या खोलीत होतो. दहा वर्षांच्या मुलीकडून मी सांगवले, “बाबा घरी नाहीत.” तिने ते सांगितले, पेढ्यांचा पुडा आणून माझ्यापुढे ठेवला आणि काही न बोलता निघून गेली. बढती गेल्याचे दुःख पुढे विरले. ते क्षणभर रोखलेले डोळे अद्याप विरलेले नाहीत.

शाखेत निवृत्तिवेतनासाठी येणारे एक वयोवृद्ध गुरुजी होते. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारले, “साहेब, तुमचं पान कुणी नेलं?” मला अर्थ कळेना. तेव्हा त्यांनी याच भोरच्या मातीतील हकिकत सांगितली.

रोहिडखोऱ्यातील कारीचे देशमुख कान्होजी जेधे. १६५९ साली अफजलखान चालून आला, तेव्हा मावळातील देशमुखांना आदिलशाहीत सामील होण्याची फर्माने सुटली. कान्होजी आपल्या पाच पुत्रांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांचा होता. पुढे १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि हिरडस मावळातील बांदलांच्या सैन्याने प्राण वेचून खिंड लढवली. त्यानंतर पहिल्या पानाचा मान बांदलांना देण्याचे ठरले. कान्होजींच्या हातून काही चुकले नव्हते. शिवाय जेधे आणि बांदल यांच्यात पूर्वी झगडेही झाले होते. तरीही कान्होजींनी तो मान संमतीने सोडला.

“आणि याच खोऱ्यातला दुसरा माणूस पाहा,” गुरुजी म्हणाले. उत्रवळीचे खंडोजी खोपडे देशमुखीच्या वादापायी अफजलखानाला जाऊन मिळाले. पुढे हाती लागल्यावर त्यांचा उजवा हात आणि डावा पाय तोडण्यात आला. जीव वाचला, तो कान्होजींनी रदबदली केली म्हणून.

गुरुजींनी उपदेश केला नाही. पासबुक घेतले आणि गेले. मी मात्र दिवसभर हिशेब करीत राहिलो. आपल्या शास्त्राने ‘मान’ हा कषाय का मानला, हे मला त्या दिवशी प्रवचनाशिवाय समजले. माझ्या मित्राने सीएआयआयबी परीक्षा पूर्ण केली होती. माझा एक भाग तीन वर्षे राहून गेला होता. तो आडवळणाच्या शाखेत स्वतःहून गेला होता. मी मुलीच्या शाळेचे कारण सांगून बदली टाळली होती. कारण खरे होते, पण त्याची किंमतही खरी होती आणि ती मीच चुकवायची होती.

तथापि, प्रत्येक यादी म्हणजे घोडखिंडीचा न्याय नव्हे. काही वेळा खरोखर अन्याय होतो आणि तो मुकाट्याने गिळणे म्हणजे क्षमा नव्हे. आमच्या काळी गोपनीय अहवाल नावाप्रमाणेच गोपनीय असे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त यांच्या प्रकरणात निर्णय दिला. या अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता; बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ आवश्यक होता. शेरा त्यांना कळवलाच नव्हता आणि कनिष्ठ पुढे गेले. सरकारी सेवेतील प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे आणि त्यावर निवेदन करण्याची संधी दिली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. बढती हा हक्क नाही. परंतु बढतीसाठी रास्त विचार होणे हा हक्क आहे. हा भेद नीट समजून घ्यावा.

म्हणून रविवारी आलेल्या त्या तरुणाला मी क्रम सांगितला. पहिले काही दिवस कोणालाही लेखी काही पाठवू नये. रागात लिहिलेला कागद फाईलमध्ये आपल्याहून अधिक काळ टिकतो. नंतर आपल्या मूल्यमापनाचे शेरे आणि गुण काढावेत. वरिष्ठांची वेळ घेऊन “मला का डावलले?” असे न विचारता “माझे कोठे कमी पडले?” असे विचारावे. उत्तर पटले, तर पुढील वर्षाची तयारी त्याच आठवड्यात सुरू करावी. न पटले, तर मुदतीत, तारखा आणि कामाचे आकडे देऊन, सभ्य भाषेत निवेदन करावे. दोन-तीन वर्षांनीही दार बंदच राहिले, तर दुसरी नोकरी हातात आल्यावरच पहिली सोडावी. घराचा हप्ता रुसव्यावर भरता येत नाही.

आणि घरात खरे सांगावे. माझ्या पत्नीने तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, “पगार कमी झाला का?” तो झाला नव्हता. कमी झाला होता, तो माझा माझ्याविषयीचा अंदाज.

तीन आठवड्यांनी मी मुलीला घेऊन पुण्यास मित्राच्या घरी गेलो. त्याला म्हणालो, “त्या दिवशी मी घरातच होतो.” तो म्हणाला, “ठाऊक होतं. चपला दारातच होत्या.” मुलगी मोठ्याने हसली. सीएआयआयबीचा राहिलेला भाग मी पुढच्या वर्षी पूर्ण केला आणि दोन वर्षांनी यादीत माझे नाव आले. त्या दिवशी पेढे घेऊन प्रथम गेलो तो गुरुजींकडे.

निघताना त्या तरुणाने विचारले, “मग निवेदन आधी लिहू, की मुलाखतीचे गुण आधी मागू?” मी म्हणालो, “आधी त्या कनिष्ठाला फोन लाव आणि मनापासून अभिनंदन कर. त्यानंतर जे लिहिशील, ते स्वच्छ हाताने लिहिले जाईल.”