आपल्या जनुकांचा हिशेब कोणाकडे?

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका शेतकरी बांधवाने आम्हांस विचारले, "फादर, सरकार हजारो माणसांची जनुके वाचते म्हणतात. त्यात आमचा काय फायदा?" प्रश्न रास्त आहे.

बियाण्यात जसे पिकाचे गुण, तसे माणसाचे गुण व काही रोग जनुकांतून पिढ्यान् पिढ्या उतरतात. सुमारे ३०० कोटी अक्षरांची ही पोथी वाचण्याचे काम शास्त्रज्ञांनी १९९० साली हाती घेतले व २००३ साली बव्हंशी पुरे केले. पुढे २०२० साली आपल्या देशात 'जीनोम इंडिया' प्रकल्प सुरू झाला. ८३ जनसमूहांतील सुमारे १०,००० जणांची जनुके वाचली गेली व जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांस खुली झाली.

हे काम आवश्यकच होते. जगातील आजवरचे असे वाचन मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे. त्यावरून काढलेले अनुमान आपल्याला लागू पडेलच असे नाही. कोणत्या समाजात कोणता रोग उतरतो हे कळले, की कोठे कोणती तपासणी करावी हे ठरविता येते. थॅलेसेमियाचेच पाहा. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो, आणि वाहक स्वतः धडधाकट दिसतात. लग्नापूर्वी साधी रक्ततपासणी केली तरी हे समजते. मात्र वाहक म्हणून एखाद्या मुलीला नाव ठेवणे हे पाप होय.

धोकाही ध्यानी घ्यावा. एकाच्या जनुकांतून त्याच्या भावाचे व लेकरांचेही गुपित उघडे पडते. 'ट्वेंटीथ्री अँड मी' या अमेरिकन कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ साली चोरांच्या हाती लागली. २०२५ साली त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा साठविलेली माहिती कोणाच्या हाती जाणार, ही चिंता ग्राहकांस पडली.

शिरगावकरांस अधिक काय सांगावे? आपल्या डोंगरातले खनिज बाहेर गेले, विहिरी मात्र आपल्या आटल्या. रक्ताच्या बाबतीत तसे होऊ नये.

म्हणून आमचे मत असे: नमुना देण्यास भिऊ नका, पण न विचारता अंगठा उठवू नका. माहिती कोठे राहील, कोण पाहील, निष्कर्ष आम्हांस कळविणार काय, आणि पुढे नको वाटल्यास नाव काढता येईल काय, हे चार प्रश्न विचारा. सरळ उत्तर मिळाले तरच सही करा.