आपले आरोग्य : सळई-पट्टीच्या जागी पू येत असेल तर...

मोटारसायकलवरून पडून मांडीत सळई बसलेला तरुण किंवा गुडघ्याचा सांधा बदललेली अम्मी आता वालूरसारख्या गावातही दिसते. बहुतेकांचे ऑपरेशन नीट पार पडते. पण काहींना महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्या जागी ठणका लागतो, सूज येते, बारीक छिद्र पडून पू झिरपतो. घरचे म्हणतात, "वरचीच जखम आहे, सुकेल." मेडिकलवरून पाच दिवसांच्या गोळ्या येतात. पू थांबतो आणि पुन्हा सुरू होतो.

याचे कारण आत असते. धातूवर बसलेले जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, बारवेच्या दगडावर शेवाळ धरते तसा. त्या थरातले जंतू गोळ्यांना सहसा दाद देत नाहीत. उलट अर्धवट औषधामुळे तपासणीत जंतू सापडत नाही आणि नेमके औषध ठरवता येत नाही.

म्हणून आधी नमुना, मग गोळी. छिद्रावरचा पू पुसून तपासणे पुरेसे नाही. त्यात कातडीवरचे जंतू मिसळतात. डॉक्टर सांध्यातले पाणी सुईने काढतात किंवा ऑपरेशनमध्ये आतले चार-पाच नमुने घेऊन कल्चरला पाठवतात. गोळ्या चालू असतील तर शक्य असल्यास साधारण २ आठवडे थांबवून नमुना घेतात. पण हा निर्णय डॉक्टरांचा. थंडी वाजून ताप आला किंवा रुग्ण गळून गेला तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लवकर गेल्यास अनेकदा आतून धुऊन, नेमके औषध देऊन सांधा वाचवता येतो. उशीर झाल्यास तो काढून तिथे औषध मिसळलेले सिमेंट ठेवतात आणि काही आठवड्यांनी नवा सांधा बसवतात. म्हणजे दोन ऑपरेशने आणि कित्येक महिन्यांची बुडालेली मजुरी. हाड जुळायचे असेल आणि पट्टी घट्ट असेल, तर ती बहुधा हाड जुळेपर्यंत ठेवतात.

घरच्यांनी एवढे पाहावे : रुग्णाची शुगर आटोक्यात राहावी, तंबाखू सुटावी. पाण्याने जखमेला अपाय होणार असेल तर वुजू करताना पट्टीवर ओला हात फिरवून मसह करण्याची शरीअतने सवलत दिली आहे. पट्टी सोडून जखम भिजवू नये. सजद्यात गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर नमाज अदा करावी.

परभणीच्या शासकीय रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत जाताना ऑपरेशनचे कागद, जुने एक्स-रे आणि आतापर्यंत घेतलेल्या सर्व गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत. कोणते औषध आधीच घेऊन झाले, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.