नवी की जुनी? बडोद्यात आधी पाण्याचं विचारा



या ग्रुपवर आपण वाड्यांच्या, शाळांच्या, दांडिया बाजारातल्या गणपतीच्या आठवणी लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे. गेल्या काही महिन्यांत पाच-सहा जणांनी मला फोन करून विचारलं, "तुम्ही बँकेत होता, जरा सांगा, ही छोटी एसयूव्ही नवी घ्यावी की सेकंड हँड?" विचारणारे बहुतेक सत्तरीच्या आसपासचे, पेन्शनवर किंवा एफडीच्या व्याजावर राहणारे. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मत माझं आहे, पटलं तर घ्या.

माझं मत थोडक्यात असं. आपल्या वयाच्या माणसाने उंच सीटची गाडी जरूर घ्यावी. तीन-चार वर्षं वापरलेली, माहितीतल्या घरातली मिळाली तर नवीच्या मागे लागू नये. पण बडोद्यात जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न किलोमीटरचा नाही. पहिला प्रश्न हा की ऑगस्ट २०२४ मध्ये ही गाडी कुठे उभी होती?

आता कारणं सांगतो.

ही "कॉम्पॅक्ट एसयूव्ही" आली कुठून ते आधी बघा. मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे मला यात इंजिनिअरपेक्षा अर्थखात्याचा हात जास्त दिसतो. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ वर आली. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. मग कंपन्यांनी मोठ्या जीपसारखी दिसणारी गाडी त्या चार मीटरमध्ये बसवायला सुरुवात केली. २०१३ ची इकोस्पोर्ट ३९९९ मिलिमीटर लांब होती, म्हणजे नियमाला एक मिलिमीटर राखून! पुढे २०१६ ला ब्रेझा, २०१७ ला नेक्सॉन, २०१९ ला व्हेन्यू आली. यातल्या बहुतेक गाड्या आतून मोटारगाडीच आहेत, फक्त अंगाने उंच. जंगलात, चिखलात जायची जीप ती नव्हे. हे लक्षात ठेवलं की शोरूममधल्या जाहिरातीतले डोंगर आणि नद्या डोक्यात शिरत नाहीत.

मग आपण ती का घ्यायची? गुडघ्यांसाठी. साध्या मोटारीत आपण खाली बसतो, आणि उतरताना दाराला धरून स्वतःला वर ओढावं लागतं. या गाडीत सीट कमरेच्या उंचीला येते. सरकलं की बसलं, पाय टाकला की उतरलं. आमच्या घरी माझ्यापेक्षा सौ.चा आग्रह जास्त होता. "अहो, दर वेळी तुमचा हात धरून उठायचं मला नको झालंय," हे तिचं एकच वाक्य सगळ्या ब्रोशरपेक्षा मला पटलं.

पण मुलांचं कारण वेगळंच असतं. आमचे चिरंजीव पुण्याहून फोनवर म्हणाले, "बाबा, बडोद्यात आता दर वर्षी पाणी भरतं, उंच गाडी सेफ." हे मात्र खरं नाही. या गाड्यांची जमिनीपासूनची उंची साधारण १९० ते २१० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम आठ इंच. साध्या मोटारीपेक्षा इंच-दोन इंच जास्त. स्पीडब्रेकरला आणि खड्ड्याला ती पुरते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांत तळमजले पाण्यात होते, लष्कर बोलवावं लागलं, मगरी रस्त्यावर आल्या. तिथे आठ इंचांचं काय घेऊन बसलात? पुराचा उपाय गाडीत नाही. आदल्या दिवशी गाडी उंचावर नेऊन लावणं, एवढाच उपाय आहे.

आता हिशेब. नवी गाडी, शोरूमची किंमत नऊ लाख धरू. आठ लाखांचं कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत सात वर्षं. हप्ता येतो सुमारे १२,८७० रुपये. ऐकायला सोपा वाटतो. पण सात वर्षांत व्याजच जातं दोन लाख ऐंशी हजारांच्या वर. तेच कर्ज तीन वर्षांत फेडलं तर हप्ता साडेपंचवीस हजारांच्या आसपास, पण व्याज एक लाख सोळा हजार. हप्ता लहान करून मुदत लांबवली की गिऱ्हाईक खूश होतं, हे मी कर्ज विभागाच्या टेबलावर वर्षानुवर्षं पाहिलं आहे. त्यात बँकेचं काही बिघडत नाही.

अजून एक बाजू. इन्शुरन्स कंपन्या गाडीची किंमत धरताना ठरावीक घट लावतात: सहा महिन्यांनंतर १५ टक्के, वर्षानंतर २०, दोन वर्षांनंतर ३०, तीननंतर ४०, चारनंतर ५०. म्हणजे तीन वर्षांनी आपल्या नऊ लाखांच्या गाडीची विम्यातली किंमत पाच लाख चाळीस हजार. सात वर्षांच्या कर्जाची बाकी त्या दिवशी असते सुमारे पाच लाख सतरा हजार. तीन वर्षं हप्ते भरून हातात राहिले तेवीस हजार! बाजारात खपाच्या मॉडेलला याहून बरा भाव येतो, पण हिशेबाची दिशा तीच.

आणि आपल्या वयाचा हिशेब कोणी करत नाही. पंचावन्नच्या पुढे लायसन्स रिन्यू होतं ते पाच-पाच वर्षांसाठी, तेही डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर. लायसन्स पाच वर्षांचं आणि कर्ज सात वर्षांचं, हे कुठल्या बॅलन्सशीटमध्ये बसतं? सत्तरीत एफडी मोडायची तर ती आजारपणासाठी राखलेली असते. एक मोतीबिंदू, एक अँजिओप्लास्टी आली की गाडी दारात उभी राहते आणि हप्ता चालू राहतो. नवी गाडी पूर्ण रोखीने, एफडीला हात न लावता घेता येत असेल तर खुशाल घ्या. नसेल तर तीन-चार वर्षं वापरलेली घ्या. पहिली मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते.

एक ताजी गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. त्यामुळे नव्यांच्या किमती उतरल्या. विकणारा आपलं जुनं बिल पुढे करून "बघा, मला एवढ्याला पडली" म्हणेल. त्या बिलाकडे बघू नका. आज तीच गाडी शोरूममध्ये केवढ्याला मिळते ते विचारा आणि तिथून खाली या.

कंपनी अजून गाड्या विकते आहे ना, तेही बघा. आपल्या शेजारच्या हालोलला १९९६ पासून जनरल मोटर्सच्या गाड्या निघायच्या. २०१७ मध्ये तो कारखाना बंद झाला, कंपनीने भारतात विक्री थांबवली. मग एमजीने तीच जागा घेऊन २०१९ मध्ये हेक्टर काढली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. अशा गाड्या स्वस्त दिसतात, वाईट असतात असं नाही. पण घेण्याआधी आपल्या मेकॅनिकला पार्ट्सचं विचारा.

आता मुख्य मुद्दा, पाण्याचा.

पूर आला की हजारो गाड्या बुडतात. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की इन्शुरन्स कंपनी गाडी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात, पण गाडी दर वेळी भंगारात जातेच असं नाही. ती लिलावात कोणीतरी घेतो, धुतो, सीटकव्हर बदलतो, सेंट मारतो आणि बाजारात आणतो. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा होता त्यांना काहीच मिळालं नाही. त्यांच्यापैकी काहींनी गाडी साफ करून गुपचूप विकली.

आमच्या नात्यातल्या एका मुलाने २०२५ च्या सुरुवातीला एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून चार वर्षांची एसयूव्ही घेतली. व्यापारी म्हणाला, "काका, टनाटन गाडी छे, पाणी अड्युं ज नथी." पहिल्या पावसाळ्यात आधी पॉवर विंडो गेल्या, मग मीटर, मग एका संध्याकाळी हायवेवर इंजिनच बंद, मागे दोन लहान मुलं बसलेली. मेकॅनिकने कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ. आजच्या गाडीत ब्रेकपासून एअरबॅगपर्यंत सगळं वायरिंगवर चालतं. पाणी लागलेली वायर लगेच मरत नाही, आतून हळूहळू गंजते. हा नुसता पैशाचा मामला नाही, जिवाचा आहे.

म्हणून घेण्याआधी एवढं करा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. स्टेपनी काढून तिच्या खाचेत बघा. सीटच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का बघा. काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा, कुबट वास लपत नाही. सेंटचा भपका आला तर जास्तच संशय घ्या.

आणि हा आमच्या बँकवाल्यांचा उपाय. मालकाकडून गेल्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसचा आकडा वाचा. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. २०२४ पर्यंत ३५ असलेला बोनस पुढच्या पॉलिसीत शून्य झाला असेल, तर मधे मोठा क्लेम झाला आहे. कशाचा, ते विचारा. माणूस विसरतो, कागद विसरत नाही. जो पॉलिसी दाखवायलाच तयार नाही, त्याच्याकडे दुसरा चहासुद्धा घेऊ नका.

बाकी कागद नेहमीचे. आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. विकणाऱ्यांनीही ऐका: नुसत्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून किल्ली देऊ नका. आरसीवर नाव आहे तोवर कायद्याने मालक तुम्हीच, अपघात झाला तर भरपाई तुमच्याकडे मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

आपल्या तरुणपणी हे सगळं लागत नसे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर येईपर्यंत गाडी म्हणजे फियाट किंवा अँबेसेडर, आणि नवीसाठी वर्षानुवर्षं नंबर. जुनी फियाट घ्यायची तर ती रिफायनरीतल्या नाहीतर अलेम्बिकमधल्या कोणा ओळखीच्या साहेबांची. तिने कधी कुठे धक्का खाल्ला, क्लच कधी बदलला, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. वॉरंटी कसली, तर त्या माणसाच्या तोंडओळखीची. खोटं बोलला तर पुढच्या गणेशोत्सवात समोर यायची लाज वाटे. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणत नाही, त्या गाड्या धक्का मारून चालायच्या! पण जुनी गाडी घेताना खरी किंमत माहितीची असते, हे तेव्हा सगळ्यांना कळत होतं.

ती माहिती आपण या ग्रुपवर आजही देऊ शकतो. इथे हजारो बडोदेकर आहेत. कोणाची गाडी विकायची असेल तर इथे लिहा, आणि पुरात गेली असेल तर तेही लिहा. दहा-वीस हजार, फार तर लाख कमी येतील. पण न सांगता विकलेली गाडी आपल्यातलाच कोणीतरी घेईल आणि तिच्यात आपलीच नातवंडं बसतील.

२०२४ च्या पुरात तुमच्या गाडीचं काय झालं, विमा कंपनीने काय केलं, कॉमेंटमध्ये जरूर लिहा. कोणाला तरी उपयोग होईल.