वळायला जागा हवी

मळवली स्थानकावर उतरून, द्रुतगती मार्ग ओलांडून भाज्याच्या वाटेला लागले की डोंगराच्या कुशीत कोरलेली लेणी समोर येतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ही बावीस लेणी पाहायला येणारे बहुतेक जण चैत्यगृहाची कमान न्याहाळतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. ही लेणी नेमकी येथेच का, हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. त्याचे उत्तर वाटेत आहे. कल्याण, सोपारा या कोकणच्या बंदरांतून देशावर येणारा माल बोरघाट चढून याच खोऱ्यात उतरत असे. घाटाच्या पायथ्याशी कोंडाणे आणि माथ्यावर भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी म्हणजे त्या व्यापारी मार्गाच्या सोबतीने उभी राहिलेली विश्रांतीची आणि उपासनेची स्थाने होत.

परंतु त्या काळचा व्यापारी एकट्या बोरघाटावर विसंबून नव्हता. उत्तरेला कुसूरघाट होता, त्याही पलीकडे जुन्नरकडे नेणारा नाणेघाट होता. सह्याद्री ओलांडायला एकाहून अधिक वाटा होत्या. एक वाट अडली तर लमाणांचे तांडे दुसऱ्या वाटेने वर चढू शकत. आज त्याच खोऱ्यातून जाणाऱ्या पुणे-लोणावळा लोकलच्या प्रवाशाला मात्र असा पर्याय नाही. जाण्याचा एक मार्ग आणि येण्याचा एक मार्ग, एवढाच त्याचा संसार. त्यावरूनच लोकल, त्यावरूनच लांब पल्ल्याच्या गाड्या आणि त्यावरूनच मालगाड्या धावतात. या मार्गाच्या विस्ताराची चर्चा सुरू असताना हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे.

या लोहमार्गाचा इतिहास मोठा आहे. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, तर बोरघाटातील चढणीचा मार्ग १८६३ मध्ये. मधली पाच वर्षे प्रवासी घाट पालखीतून किंवा तट्टावरून ओलांडून पुन्हा गाडीत बसत. १९२९ मध्ये घाटातील गाडी उलटी फिरवण्याचे स्थानक इतिहासजमा झाले, विद्युतीकरण आले आणि १९३० मध्ये ‘दख्खनची राणी’ धावू लागली. मावळच्या सामान्य माणसाच्या वाट्याला लोकल आली ती १९७८ साली. पुणे ते लोणावळा सुमारे चौसष्ट किलोमीटरच्या या पट्ट्यात आज सतरा स्थानके आहेत. पहाटेच्या लोकलमध्ये कारखान्यातील पहिल्या पाळीचे कामगार असतात, मागोमाग तळेगाव-पुण्याच्या महाविद्यालयांत जाणारी मुले-मुली असतात, रुग्णालयांतील परिचारिका आणि भाजी-दूध घेऊन निघालेली मंडळी असतात. चैत्रात एकवीरा आईच्या दर्शनाला येणारे आगरी-कोळी भाविकही याच खोऱ्यात उतरतात. द्रुतगती मार्ग त्यांच्या शेजारून जातो, पण तो त्यांच्यासाठी नाही.

बिघाडाचा दिवस

कोणत्याही वाहतूक व्यवस्थेची खरी परीक्षा ती सुरळीत चालते त्या दिवशी होत नाही. ती बंद पडते त्या दिवशी होते. या खोऱ्याने अशा अनेक परीक्षा पाहिल्या आहेत. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर घाटात दरडी कोसळून मुंबई-पुणे रेल्वे अनेक दिवस विस्कळीत राहिली. १ जुलै २०१९ रोजी जांबरुंग ते ठाकूरवाडी दरम्यान मालगाडी घसरली. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात अतिवृष्टीमुळे मुंबई-पुणे दरम्यानच्या गाड्या रद्द कराव्या लागल्या. ऑक्टोबरमध्ये मंकी हिल आणि नागनाथ यांच्या दरम्यान पुन्हा मार्गाचे नुकसान झाले आणि ते काम पुरे व्हायला २०२०चा जानेवारी उजाडला.

अशा वेळी ‘गाड्या पर्यायी मार्गाने वळवल्या’ असे निवेदन निघते. याचा अर्थ काय? मुंबईहून सोलापूरकडे जाणारी गाडी कल्याणहून कसारा घाटाने इगतपुरी, मनमाड गाठते आणि तेथून दौंडला उतरते. नेहमीच्या मार्गाने मुंबई ते पुणे अंतर १९२ किलोमीटर आहे. मनमाड-दौंड मार्गे पुण्याला यायचे तर ते जवळजवळ तिप्पट होते. तरीही सोलापूरच्या प्रवाशाला उशिरा का होईना, घरी पोहोचता येते. लोणावळ्याच्या किंवा कामशेतच्या प्रवाशाला त्या वळवलेल्या गाडीचा काडीचाही उपयोग नाही. गाडी वळते, प्रवासी मागे राहतो. २०२१च्या जुलैमध्ये तर कसारा आणि बोर या दोन्ही घाटांत एकाच वेळी दरडी आल्या आणि पर्यायी मार्गही बंद झाला.

घाटातील बिघाड हा झाला मोठा प्रसंग. त्याहून अधिक वेळा घडतो तो छोटा प्रसंग. कुठेतरी ओव्हरहेड तार तुटते, कुठे सिग्नल बंद पडतो, कुठे मालगाडीचे इंजिन दम सोडते. दोनच रूळ असल्याने मागच्या साऱ्या गाड्या जागच्या जागी थांबतात. वास्तविक लोकलला दोन्ही टोकांना चालकाचा कक्ष असतो. इंजिन सोडवून पुढून मागे जोडण्याची गरज नसते. मोटरमन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेला की गाडी परत फिरू शकते. म्हणजे कामशेतपुढे मार्ग बंद झाला तर कामशेत ते पुणे लोकल चालू ठेवणे तत्त्वतः शक्य आहे. त्यासाठी हवे असतात योग्य ठिकाणी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे सांधे, गाडी उभी करायला मोकळा फलाट आणि त्यावर नियंत्रण ठेवणारी सिग्नल यंत्रणा.

नव्या काळातही हे सूत्र बदललेले नाही. २६ मे २०२५ रोजी मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पावसाचे पाणी शिरले. स्थानक सुरू होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. टीका झाली आणि ती योग्यच होती. पण त्या दिवशी आरे ते वरळी सेवा चालू ठेवता आली, कारण वरळीला गाडी परत फिरवण्याची सोय होती. संपूर्ण मार्ग ठप्प होणे आणि एक स्थानक बंद राहणे यांतला फरक अशा सांध्यांवर ठरतो.

नाहूरचा धडा

पुणे-लोणावळा मार्गावर तिसरा आणि चौथा रूळ टाकावा ही मागणी गेले दशकभर तरी ऐकू येते आहे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ५,१०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला संमती दिली आणि निम्मा भार उचलण्याचे ठरवले. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. आज दुपारच्या वेळी लोकल हवी असे मावळातील माणूस म्हणतो तेव्हा त्याला दुरुस्तीच्या ‘ब्लॉक’चे कारण सांगितले जाते. एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी लोकल थांबते. चार रूळ झाले तर ही कोंडी फुटेल, यात शंका नाही.

शंका आहे ती पुढे. चार रूळ म्हणजे आपोआप पर्याय, असे आपण धरून चालतो. मुंबईचा अनुभव वेगळे सांगतो. मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा माटुंगा-मुलुंड दरम्यान धीम्या लोकल जलद मार्गावर वळवतात. त्या घोषणेचा उत्तरार्ध मुंबईकरांना पाठ आहे: विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर येथे या लोकल थांबणार नाहीत. कारण साधे आहे. त्या स्थानकांत जलद मार्गाला फलाटच नाही. चार रूळ दारावरून जातात, गाड्याही धावतात, पण नाहूरच्या माणसाला मुलुंडला उतरून उलटे यावे लागते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९०४ पासून चार रुळांचा मार्ग आहे. तेथेही स्थानिक गाडी जलद रुळावर वळवली की छोटी स्थानके वगळली जातात.

आता हेच चित्र मावळात पाहा. नव्या दोन रुळांवर फलाट कोठे असतील? लोणावळा, तळेगाव, चिंचवड, शिवाजीनगर येथे ते होतील असे गृहीत धरता येईल. मळवली, कान्हे, बेगडेवाडी, घोरावाडी यांचे काय? ती ‘लहान’ स्थानके म्हणून वगळली गेली, तर बिघाडाच्या दिवशी भाज्याच्या, कार्ल्याच्या, पाटणच्या मुलांच्या डोळ्यांदेखत लोकल पलीकडच्या रुळावरून निघून जाईल. हजारो कोटी खर्चूनही मळवलीचे नाहूर होईल. फलाट नंतर बांधू असे म्हणणे सोपे असते. एकदा रूळ पडले, सिग्नल उभे राहिले, आजूबाजूची जमीन वापरात आली की ‘नंतर’ कधी येत नाही.

यावर अभियंते एक आक्षेप घेतील आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. प्रत्येक सांधा हा स्वतःच बिघाडाचे एक ठिकाण असतो. त्याची देखभाल करावी लागते, त्यावरून गाडीला वेग कमी करावा लागतो. प्रत्येक फलाटाला जागा आणि पैसा लागतो. हे खरे आहे. म्हणूनच सर्वत्र सांधे घाला असे कोणी म्हणत नाही. कामशेत, तळेगाव, देहूरोड अशा तीन-चार ठिकाणी लोकल दोन्ही बाजूंनी परत फिरवता यावी आणि प्रत्येक स्थानकात चारही रुळांना फलाट असावा, निदान त्याची जागा आजच राखून ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे. एकूण खर्चाच्या तुलनेत हा भार मोठा नाही. बिघाडाच्या दिवशी बुडणारी मजुरी आणि चुकणारी परीक्षा यांचा हिशेब धरला तर तो नक्कीच स्वस्त आहे.

दुसरा प्रश्न मेट्रोचा. पुणे मेट्रोचे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. पिंपरी ते स्वारगेट हा मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये पुरा झाला आणि निगडीपर्यंतच्या विस्तारालाही मंजुरी मिळाली आहे. दापोडी, कासारवाडीच्या आसपास लोहमार्ग आणि मेट्रो एकमेकींजवळून जातात. खडकीपुढे लोकल अडली तर प्रवाशाने कासारवाडीला उतरून मेट्रोने शिवाजीनगर गाठावे, हा स्वाभाविक पर्याय आहे. त्यासाठी दोन स्थानकांना जोडणारी छताखालची पायवाट हवी, लोकलचा पास त्या दिवसापुरता मेट्रोत ग्राह्य धरला जायला हवा आणि तशी घोषणा लोकलच्या डब्यात व्हायला हवी. आज दोन यंत्रणा शेजारी राहूनही अनोळखी आहेत. नवे मार्ग मंजूर होतात तेव्हा लांबी आणि खर्च सांगितला जातो. तो मार्ग दुसऱ्या मार्गाच्या अडचणीत कसा धावून जाईल, हे कोणी सांगत नाही.

तिसरा प्रश्न जमिनीचा आणि डोंगराचा. मावळने लोहमार्गासाठी, महामार्गासाठी, द्रुतगती मार्गासाठी, धरणांसाठी आणि औद्योगिक वसाहतींसाठी जमीन दिली आहे. पवना जलवाहिनीच्या वादात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले, हे मावळ विसरलेला नाही. जमीन घेताना विश्वासात घेणे ही सौजन्याची नव्हे, कर्तव्याची बाब आहे. आणि डोंगर? जुलै १९८९ मध्ये याच भाजे गावावर दरड कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. या खोऱ्यातील पाऊस आणि माती कोणत्याही नकाशाला जुमानत नाही. रुळांसाठी उतार कापताना पाण्याच्या वाटा बुजवल्या, तर पर्यायी मार्गच उद्याच्या बिघाडाचे कारण ठरेल.

उंबरखिंडीची आठवण

याच परिसराच्या इतिहासात एक मोठा धडा दडलेला आहे. १६६१च्या प्रारंभी कारतलबखान मोठे सैन्य घेऊन पुण्याकडून निघाला. नेहमीचा बोरघाट टाळून तो लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने कोकणात उतरू लागला. २ फेब्रुवारी रोजी उंबरखिंडीत शिवरायांनी त्याला गाठले. पुढे मराठे, मागे मराठे, दोन्ही बाजूंना रान. खानाकडे सैन्य होते, साधने होती. नव्हती ती वळायला जागा. अखेर रायबागनच्या सल्ल्याने शरण जाऊन, खंडणी देऊन त्याला सुटका करून घ्यावी लागली. सह्याद्रीत कोणती वाट धरावी याइतकेच, ती अडली तर कोठून परतावे, हे ठाऊक असणे महत्त्वाचे असते. शिवरायांना ते ठाऊक होते.

विस्ताराला विरोध करण्याचे कारण नाही. केवळ घोषणेवर टाळ्या वाजवणेही पुरेसे नाही. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचे आराखडे पक्के होत असताना मावळातील ग्रामसभांनी, प्रवासी संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी लोकप्रतिनिधींना दोन साधे प्रश्न विचारावेत. आमच्या स्थानकात चारही रुळांना फलाट आहे का? मार्ग अडला तर आमची लोकल कोठून परत फिरेल? या प्रश्नांची उत्तरे भाषणांत मिळणार नाहीत. ती नकाशावर बोट ठेवून मागावी लागतील आणि ती मागण्याची वेळ रूळ पडण्यापूर्वीची आहे.

संध्याकाळी भाज्याहून परतताना मळवलीच्या फलाटावर दप्तरे सांभाळत मुले उभी असतात. पाऊस असतो, लोकलला उशीर असतो आणि घरी कोणीतरी वाट पाहत असते. त्यांना त्या दिवशी घरी कसे पोहोचवायचे, याचा विचार ज्या आराखड्यात आहे तोच विस्तार मावळच्या कामाचा.