पंचांगावरचा अंगठा

दोस्तांनो, रहस्यकथा हातात पडली की हळूच शेवटचं पान उघडून ‘खुनी कोण’ ते बघायची सवय तुमच्यापैकी कितीजणांना आहे? खोटं बोलू नका हं! आजची गोष्ट मात्र खरीखुरी घडलेली आहे आणि तिचं शेवटचं पान जरा वेगळंच आहे.

साल १८९७. बंगालमधला जलपायगुडी जिल्हा. तिथल्या एका चहामळ्याच्या मॅनेजरचा त्याच्याच बंगल्यात खून झाला. तिजोरी आणि कागदपत्रांची पेटी उघडी, पैसे गायब! खून करताना कुणी पाहिलं नव्हतं. संशय घ्यायला मात्र माणसं भरपूर होती. कडक मॅनेजरवर चिडलेले मजूर, जवळच तळ ठोकून बसलेले काबुली, आणि स्वयंपाकी. त्या बिचाऱ्याच्या तर कपड्यांवरच रक्ताचे डाग! तो सांगत होता, की मालकांच्या जेवणासाठी कबुतर मारलं, त्याचं रक्त आहे. तुम्ही पोलीस असतात तर विश्वास ठेवला असतात?

पोलिसांनी घाई केली नाही. पेटीतल्या कागदांत त्यांना एक बंगाली पंचांग सापडलं. त्यावर दोन तपकिरी डाग होते. भिंगातून बघितल्यावर एका डागात चक्क बोटाच्या रेषा दिसल्या!

त्याच वर्षी कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं होतं. पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री आणि त्यांचे सहकारी अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांची अशी वर्गवारी बसवली होती, की ढीगभर ठशांतून हवा तो ठसा शोधता यावा. पंचांगावरचा ठसा तिथे जुळला. तो होता कांगाली चरणच्या उजव्या अंगठ्याचा! हा मॅनेजरचा जुना नोकर. चोरीबद्दल आधी तुरुंगात जाऊन आला होता, म्हणून त्याचा ठसा दप्तरी होता. दूर बीरभूम जिल्ह्यात त्याला पकडलं. तपासणीत पंचांगावरचा डाग रक्ताचा निघाला. आणि स्वयंपाक्याच्या कपड्यांवरचं रक्त? ते खरंच कबुतराचं होतं!

आता शेवटचं पान. १८९८ साली न्यायालयाने कांगाली चरणला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण खुनाबद्दल नाही! तुम्हाला राग आला ना? पण विचार करा. त्याने पेटीला हात लावला, एवढं अंगठ्याने सांगितलं. वार कुणी केला, हे पाहणारं कुणीच नव्हतं. नुसत्या अंदाजावर एखाद्याला खुनी ठरवायचं, तर मग त्या स्वयंपाक्यालाही पहिल्याच दिवशी ठरवता आलं असतं, नाही का?

आजी तुमच्या बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजते ना? आज स्टॅम्पपॅडची शाई लावून घरातल्या सगळ्यांचे ठसे कागदावर घ्या आणि भिंगातून बघा. हुबेहूब सारखे दोन सापडतात का? शोधा बरं!

आणि हो, वर्गात कुणाची पेन्सिल हरवली, तर कुणालाही चोर म्हणण्याआधी त्या कबुतराची आठवण ठेवा.